बियाण्यासारखी जपलेली पेटी

आई बालवाडीतलं कुठलंही खेळणं पोरांच्या हातात देण्याआधी स्वतःच्या तोंडात घालून बघायची. लाकडी ठोकळा असो, चिंध्यांची बाहुली असो की वाळक्या भोपळ्याचा खुळखुळा, आधी तो गालावर घासायचा, मग ओठांवरून फिरवायचा, मग दाताखाली धरून जरा चावायचा. कुसळ लागलं, रंग सुटला, शिवण उसवली, की वस्तू बाजूला. पडवीच्या पायरीवर बसून ती हे सगळं इतक्या गंभीरपणे करायची की नवखा पाहुणा आला तर त्याला वाटावं, या बाईला घरात कुणी जेवायला घालत नाही. बा अंगणातून जाताना हमखास थांबायचा. "आज काय, ठोकळ्याचं कालवण का?" आई मान वर न करता म्हणायची, "पोरां आधी तोंडात घालतात, मंग खेळतात. तुला नाय कळायचं." बाला खरंच कळत नव्हतं. तो हसायचा आणि खांद्यावर कुदळ टाकून शेताकडे चालू लागायचा. पुढं जे झालं ते या न कळण्यातूनच झालं, पण त्याआधी आमचं घर सांगायला हवं.

खोडाळ्याच्या बाजारातून खाली उतरणारी पायवाट धरली की ओहोळ लागतो, ओहोळाच्या अलीकडे आमचा पाडा. घर कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं, वर कौलं. पुढची लांब पडवी आमची म्हणायची, पण सकाळी तिच्यावर आमचा काही हक्क नसे, कारण पाड्याची बालवाडी तिथंच भरायची. सरकारी भाषेत ती अंगणवाडी, पण पाड्यात सगळे बालवाडीच म्हणत. वेगळी खोली कधी मिळाली नाही. आई सातवी शिकलेली, आसपासच्या पाड्यांत तेवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती, म्हणून सेविका तीच झाली आणि सगळ्यांची 'बाई' झाली. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा तिला बाईच म्हणायची. मदतीला जानकीमावशी होती. ती पोरं गोळा करायची, चूल पेटवायची, लापशी ढवळायची, आणि हे करताना पोरांना लाडानं इतक्या शिव्या द्यायची की आईला मधेच खोकून दाखवावं लागे. उन्हाळ्यात बारकी पोरं उघडीच यायची, पावसाळ्यात डोक्यावर पळसाचं पान नाहीतर खताच्या पिशवीची खोळ. छताला एक रुळाचा तुकडा टांगला होता, त्यावर मावशी दगडानं टोले द्यायची. त्या आवाजाबरोबर बा चहाची कपबशी उचलून घरामागं जायचा. "माझ्याच घरात मानाच बसाया जागा नाय," म्हणजे मलाच बसायला जागा नाही, हे त्याचं रोजचं वाक्य होतं. चिडून नाही, पण पुरतं गमतीनंही नाही.

आईला तालुक्याच्या कचेरीतून एक लोखंडी पेटी मिळाली होती, बाकी काही नाही. पेटीत भरायचं ते तिनं स्वतः बनवलं. जुन्या लुगड्यांच्या बाहुल्या, आत कापडाचेच बोळे. डोळ्यांना गुंडी लावायची नाही, काळ्या दोऱ्यानं टाके घालायचे, कारण गुंडी निघते आणि नाकात जाते. पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचे ठोकळे तिनं भावाकडून तासून आणलेले, त्यांचे कोपरे कौलाच्या तुकड्यावर घासून गोल केलेले. साबणाच्या खोक्यांवरची आणि कॅलेंडरवरची चित्रं कापून पुठ्ठ्यावर भाताच्या खळीनं चिकटवलेली: कोंबडी, आगगाडी, आंबा, हत्ती. रानात गुंजा लालभडक पिकायच्या, मोजायला किती छान, पण आईनं त्यांना पायरीच्या वर येऊ दिलं नाही. मी एकदा ओंजळभर घेऊन आले तर तिनं त्या गुंजा मला ओहोळात टाकायला लावल्या आणि हात धुऊन यायला सांगितलं. ती म्हणायची, त्यात विष असतं, आणि असलं रंगीत विष मूल पहिल्यांदा उचलतं. दर शनिवारी बाहुल्या उकळत्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घालायची. वाटेवरून जाणारी माणसं थांबून हसायची. मलाही लाज वाटायची. खोडाळ्याच्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणी विचारायच्या, "तुझी आई बाहुल्या शिजवते ना गं?"

त्या पडवीचा वास मला अजून आठवतो. ओल्या शेणाचा, लापशीतल्या गुळाचा, आणि पोरांच्या अंगाला येणारा धुराचा. लापशी पोरांची, तिला घरच्यांनी हात लावायचा नाही. मी तेव्हा मोठी, आठवी-नववीतली, तरी तो गुळाचा वास आला की जीव कासावीस व्हायचा. आम्हाला सकाळी नागलीची भाकर आणि उडदाचं पातळ कालवण, पावसाळ्यात त्याच्या जोडीला कुर्डूची नाहीतर कवळीची भाजी, बानं ओहोळातून धरून आणलेल्या चिंबोऱ्या. आता माझ्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे, आणि शाळेतून थकून आल्यावर मी कुकर लावते. पण चिंबोऱ्यांचा तो रस्सा मला आईच्या हाताखाली शिकूनही जमला नाही. जमणार तरी कसा, मी शिकताना सगळं लक्ष पडवीतल्या गोंधळाकडं असायचं.

बाचा जीव होता बियाण्यात. माणूस तसा निष्काळजी, सदऱ्याची बटणं कधी धड लावली नाहीत, पण बियाणं म्हटलं की वेगळाच व्हायचा. नागलीला तो काही करत नसे, नागली वर्षानुवर्षं तशीच राहते. पण उडदाला भुंगा लागतो, आणि उडदाच्या बियाण्यासाठी तो खोडाळ्याच्या दुकानातून पांढरी पावडर आणायचा. पूर्वी राख आणि निरगुडीचा पाला घालायचे, पावडर आली तशी राख मागं पडली. बा ती काठीनं ढवळून लावायचा, हातांनी नाही. मग मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपायचा, मडकं माळ्यावर, कुणाचा हात पोचणार नाही असं ठेवायचा, आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा. त्या मडक्यातला दाणा कितीही अडचण आली तरी खायचा नाही. ते सगळ्या पाड्याला ठाऊक होतं, अगदी बालवाडीतल्या पोरांनाही. जपणं म्हणजे काय, हे बाला एवढंच माहीत होतं, आणि तो ते मन लावून करायचा.

त्या वर्षी पाऊस थांबेचना. कुडाला बुरशी आली, कपड्यांना कुबट वास, चुलीतली लाकडं नुसती धुमसायची. एका सकाळी आईनं पेटी उघडली तर आत उंदरांनी धुमाकूळ घातलेला. झाकणाचा कोपरा गंजून फाटला होता, तिथून ते शिरले होते. भाताच्या खळीपायी सगळी चित्रं कुरतडलेली, हत्तीला सोंड नाही, आगगाडीचे डबे गायब. तळाला वाळवीची माती. दोन बाहुल्यांची पोटं फाडून आतले बोळे ओढून काढलेले. आई पेटीपुढं फतकल मारून बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी तिला अशी रडताना पहिल्यांदाच बघत होते. बा उंबऱ्यात उभा होता. तो नेहमीसारखा काहीतरी बोलेल म्हणून मी त्याच्याकडं बघितलं. तो आत आला, फाटलेली बाहुली हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली, आणि पुन्हा होती तशी ठेवली.

त्याच आठवड्यात आईला प्रशिक्षणासाठी जव्हारला जावं लागलं. तिथंच राहायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी तिनं उरलेल्या चिंध्यांच्या नव्या बाहुल्या शिवल्या, ठोकळे धुऊन पुसले, जानकीमावशीला दहादा बजावलं, आणि पिशवी काखेत मारून पायवाट चढून गेली. ती गेल्यावर बानं पेटी अंगणात ओढली. पत्र्याचा तुकडा ठोकून कोपरा बुजवला. खालचे पाय डांबरात बुडवले, म्हणजे वाळवी चढणार नाही. पावसाची सर आली की पेटी आत ओढायची, उघडीप झाली की बाहेर, असं दिवसभर चाललं होतं. मी शाळेतून आले तेव्हा तो पेटीचं झाकण लावत होता. तोंडावर असा आनंद की मलाच हसू आलं. म्हणाला, "आथा उंदराचा बाप आला तरी नाय शिरायचा. आईला सांगू नको. आली म्हंजे बघल." पेटीची किल्ली त्यानं पुन्हा खिळ्याला अडकवली. बा आईच्या कामाला हात लावतोय, हे मला इतकं नवल वाटलं की मी त्याच्यासाठी न सांगता चहा केला.

आत त्यानं काय केलंय ते मला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. उडदाच्या बियाण्याची पावडर त्यानं बाहुल्यांच्या थरांमध्ये, ठोकळ्यांच्या पिशवीत, उरल्यासुरल्या पुठ्ठ्यांवर भुरभुरली होती. आई यायच्या आत एक दिवस सगळं उन्हात घालून झटकायचं त्याच्या मनात होतं. ऊन काही पडलं नाही. त्यानं मला पुढं कितीतरी वेळा विचारलं, "खेळणी काय खायाची चीज हाय का गं?" हा प्रश्न तो मला नव्हे, स्वतःलाच विचारायचा. खायच्या धान्याला तो ती पावडर कधी लावत नसे. पण पडवी भरली की तो घरामागं जायचा. बारकं पोर बाहुलीचा हात चोखत तासभर कसं बसतं, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. उभा पाडा बघत होता, आणि ज्याच्या पडवीत हे चालायचं त्यानं तेवढं बघितलं नव्हतं.

पावसाचा जोर होता म्हणून त्या दिवशी माझी शाळा बुडाली. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते, डोळ्यांत धूर. पडवीत पोरांचा गलका. बाहेर जायची सोय नव्हती, पोरं रडकुंडीला आलेली, तेव्हा जानकीमावशीनं पेटी उघडली. मागाहून ती सांगायची, वास आला होता, पण तिला वाटलं साहेब लोकांच्या कपाटात डांबरगोळ्या असतात तसलं काहीतरी बाईनं घातलं असेल. पोरं शांत झाली. गाणं सुरू झालं, थांबलं, मग ठोकळे पडल्याचे आवाज. मग मावशीची किंकाळी.

रंजी कोपऱ्यात आडवी पडली होती. हौसाची धाकटी पोर, चारेक वर्षांची, कुणाशी न बोलणारी. तिला नेहमी बाहुलीचा हात तोंडात लागायचा, आणि आई तिला तो चोखू द्यायची, मुकाट्यानं बाहुली उकळायची. रंजीनं ओकलं होतं, तोंडाला फेस, हातपाय ताठ होऊन झटके येत होते. आणखी एकदोन पोरं ओकत होती, काही डोळे चोळत होती. हौसा चिखलाच्या पायांनी शेतातून धावत आली आणि पोरीला उराशी धरून ओरडू लागली. बायका जमल्या. कुणी म्हणालं, ओहोळावरची बाधा झाली. कुणी म्हणालं, भगताला बोलवा, आणि हौसाचा दीर निघालासुद्धा. मला काय करावं सुचत नव्हतं. हातातलं पीठ तसंच वाळत होतं.

तेवढ्यात बा आला. अंगावर खोळ, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं रंजीकडं बघितलं, मग उघड्या पेटीकडं. मी त्याच्या अगदी समोर होते. आता मला कळतं की त्या क्षणी तो गप्प राहू शकला असता. पावडर कुणाला दिसत नव्हती, ओलीनं ती कापडात मुरली होती. भगत आला असता, धूप जाळला असता, आणि काय झालं असतं ते देवाला ठाऊक. बा म्हणाला, "भगताला नको. बाधा नाय ही. पावडर हाय, उडदाची. मी टाकली, माझ्या हातची हाय." मग हौसानं त्याच्या तोंडात मारली. त्यानं ती खाल्ली आणि तिच्या हातातून पोर घेतली. मला ओरडून म्हणाला, "साबण घे. सगळ्यांचे हात-तोंड धू. चड्ड्या-झबली काढून फेक." आणि रंजीला खोळीत गुंडाळून तो पायवाटेनं वर धावत सुटला, मागं हौसा.

मी पागोळीखाली एकेक पोर उभं केलं. हात, तोंड, नाक, बोटांच्या बेचक्या. पोरं थंडीनं कुडकुडत होती, रडत होती, साबण डोळ्यांत गेला म्हणून मला चावत होती. जानकीमावशी मला पोरं देत होती आणि एकीकडं स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. मला तेव्हा रडू आलं नाही. साबणाची वडी संपेपर्यंत मी धूत राहिले, ज्यांना काही झालं नव्हतं त्यांनाही दुसऱ्यांदा धुतलं.

वर खोडाळ्याला बाजाराची जीप मिळाली. मोखाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायच्या आत बानं काय, कसलं, किती ते सगळं सांगितलं, पावडरीची पुडी कशी दिसते तेही सांगितलं. डॉक्टर हौसाला म्हणाले, यानं सांगितलं म्हणून लगेच इलाज करता आला. रंजी वाचली. काही दिवसांनी घरी आली ती वाळून, मान टाकून, आणि आल्या आल्या तिनं बाहुली मागितली. बाहुली नव्हती. बानं शेताच्या कडेला खोल खड्डा खणून पेटीतलं सगळं पुरलं होतं, ज्याला पावडर लागली नव्हती तेही, आईनं तोंडात धरून पारखलेला एकेक ठोकळासुद्धा.

आईला खोडाळ्याच्या स्टँडवरच बातमी कळली. ती घरी आली तेव्हा बा रिकामी पेटी राखेनं घासत होता. ती आधी रंजीच्या घरी गेली, मग पेटीपाशी येऊन उभी राहिली. "बियाण्याची?" तिनं विचारलं. बा म्हणाला, "हां." "कशाला रे?" "उंदीर खात होते ना तुझी खेळणी," बा म्हणाला, आणि घासता घासता थांबून ढसाढसा रडू लागला. आईनं त्याच्या हातातली राख काढून घेतली आणि उरलेली पेटी स्वतः घासली. मी दाराआडून बघत होते, आणि मला वाटलं की हे आता यातून बाहेर येतील.

मग अंगणवाड्या तपासणाऱ्या मुख्यसेविका म्याडम आणि त्यांच्याबरोबर कचेरीतले साहेब आले. पडवीत घोंगडी अंथरली. अर्धा पाडा अंगणात उभा. गावच्या पोलीस पाटलानं आधीच पाड्यात सांगून ठेवलं होतं की विषाचं प्रकरण आहे, मोखाड्याला केस होईल, माणूस आत जाईल. आमच्याकडं पोलिसांचं नाव काढलं तरी माणसं रानात जाऊन बसायची. साहेबांनी बाला विचारलं, "पावडर कुणी टाकली?" बा उठून म्हणाला, "मी." आणि आई पटकन पुढं झाली. "मी सांगून गेले होते, साहेब. टाक म्हणून मीच सांगितलं होतं. त्याची काय चूक नाय." ती शाळेतल्या मराठीत बोलली, अगदी स्पष्ट. बा म्हणाला, "खोटं बोलती ती." "तू गप," आई म्हणाली. म्याडमनी आईकडं बघितलं. त्यांनीच तिला शिकवलं होतं, खेळणं कसं असावं, कसं नसावं. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, नीट विचार करून बोला. तुम्ही असं कसं सांगाल?" आई म्हणाली, "सांगितलं. चुकलं माझं." बा पुन्हा उठला तर तिनं त्याचा दंड असा धरला की तो खाली बसला.

इतकी वर्षं सरकारी नोकरी केल्यावर आता मला कळतं की तेव्हा काय झालं असतं. घरच्या माणसाकडून अजाणता चूक झाली, पोर वाचली, समज देऊन सोडलं असतं. पेटी दुसरीकडे ठेवायला सांगितली असती. पण ज्या सेविकेला सगळं शिकवलं, तिनंच पोरांच्या खेळण्यांवर विष टाकायला सांगितलं, याला माफी कशी असेल? आईचं काम गेलं. बालवाडी ओहोळापलीकडच्या पाड्यात गेली, जिथं पावसाळ्यात पाण्यातून आणि एरवी एवढ्या लांब आमची बारकी पोरं जाऊच शकत नव्हती. आईनं त्यानंतर कुठलंच काम धरलं नाही. बा गेला त्याला बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडं असते. माझ्या नातीची खेळणी बाजारातली, रंगीत, प्लॅस्टिकची. आई ती हातातसुद्धा घेत नाही, लांबून बघते. मला याचं फार वाईट वाटतं. तिच्याइतकं हे काम कुणाला येत नव्हतं, आणि तिनं ते एका वाक्यात सोडून दिलं. मी शिक्षिका झाले, बालवर्गाच्या कितीतरी खोल्या बघितल्या, कपाटं बघितली, आणि प्रत्येक वेळी मनात आलं की इथं ती हवी होती.

त्या वर्षी दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि नेहमीसारखे वीटभट्टीचे ट्रक वर रस्त्याला येऊन लागले. पाड्यातली निम्मी घरं पाऊस येईपर्यंत भिवंडीकडं जायची. आदल्या वर्षापर्यंत बारकी पोरं म्हाताऱ्यांजवळ मागं राहायची, कारण बालवाडीत एक वेळचं पोटात जायचं आणि दिवसभर कुणाची तरी नजर असायची. त्या वर्षी सगळी पोरं ट्रकला निघाली. आई, बा आणि मी निरोप द्यायला वर गेलो. हौसा डोक्यावर भांड्यांचं गाठोडं आणि कडेवर रंजी घेऊन उभी होती. रंजीच्या तोंडात तिचा स्वतःचा अंगठा. हौसा आईजवळ आली आणि म्हणाली, "बाई, तुझी बालवाडी असती तर हिला म्हातारीजवळच ठेवली असती. तठं भट्टीवर धूळ न धूर, पोर कठं बसवू?"

आई म्हणाली, "माझ्याकडं ठेवली असतीस? एवढं झाल्यावर?"

"कां नाय?" हौसा म्हणाली. "तुझ्या घोवानं तवाच खरं सांगलं. मी त्याला मारली तरी त्यानं पोर उचलली. तसल्याच्या घरात पोर ठेवाया काय भ्या? पण मंग तू सांगलास, तूच टाकाया लावली. तवा मानाच काय कळंना. बाईच असं करते तर पोरां कुणाच्या भरवशावर ठेवायची?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हौसाच्या नवऱ्यानं वरून हात दिला, आधी गाठोडं गेलं, मग रंजी, मग हौसा. फळी लागली. आई काहीतरी बोलायला पुढं झाली, पण ट्रक सुरू झाला होता, आणि त्या आवाजात कुणी काही ऐकलं नसतं. ती हात वर करून तशीच उभी राहिली. धूळ बसेपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही.

आम्ही परत फिरलो. अर्ध्या उतारावर बा म्हणाला, "मी सांगलं होतं ना खरं? मंग तू कशाला मधी आलीस? माझी चूक माना का नाय घेऊ दिलीस?" त्याचा आवाज चढला नव्हता, तरी तसा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

आई चालता चालता म्हणाली, "पयल्यांदा तू माझ्या कामाला हात लावला होतास. त्यालाच गुन्हा कसा म्हणू देऊ?"

बा वाटेतच उभा राहिला. आई चालत राहिली. मी एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत मधेच थांबले, आणि दोघांपैकी कुणीच मला हाक मारली नाही.